भाड्याच्या ट्रेलरवरची बिनपेडलची गाडी

गुरुवार, नोव्हेंबर १९९६, सकाळ. ठिकाण : बहरीन, गुदैबिया, आमच्या इमारतीमागची गल्ली.

हजर : मी. माझे मिस्टर. वसईकर, म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे शेजारी, पिकअपचे मालक आणि त्या दिवसाचे चालक. त्यांची बायको, ती हॉस्पिटलात नर्स आहे, म्हणून सगळी इमारत तिला सिस्टर म्हणते. गैरहजर : ज्याची गाडी न्यायची होती तो.

कामाला हात घालण्याआधी कोण आहे आणि कोण नाही हे लिहून घ्यायची मला सवय आहे. मी एका कारखान्याच्या खरेदी विभागात आहे. तिथे असं केलं नाही तर बोल्ट येतात आणि नट येत नाहीत. मिस्टर हसतात. हसू देत.

जो गैरहजर होता तो आमच्याच कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातला ड्राफ्ट्समन. मी त्याला भाऊ म्हणते, तो मला ताई. दोघंही विदर्भातले, त्याचं गाव भंडाऱ्याकडे, माझं अमरावतीकडे. लहानपणी पोलिओने त्याचे दोन्ही पाय गेले. पायांना लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर, काखेत कुबड्या. बहरीनला आला तेव्हा सुरुवातीला तो कारखान्याच्या बसने यायचा. बसची पायरी उंच. रोज कोणीतरी त्याला काखेत हात घालून वर ओढायचं, आणि रोज तो हसून थँक्यू म्हणायचा. हसणं खरं नव्हतं हे बसमधल्या सगळ्यांना कळत होतं.

मग त्याने एक जुनी पांढरी जपानी गाडी घेतली, ऑटोमॅटिक गिअरची, आणि तिचं ड्रॉइंग काढलं. कारखान्याच्या यंत्रांचं काढावं तसंच, बाजूने, वरून, मापांसकट. खालची पेडलं पार काढून टाकायची, म्हणजे कॅलिपर घातलेले पाय सरळ पसरायला जागा होईल. दोन सीटांच्या मधून एक लोखंडी दांडा वर आणायचा. दांडा पुढे ढकलला की ब्रेक, मागे ओढला की पेट्रोल. स्टिअरिंगवर एक लाकडी मूठ बसवायची, म्हणजे एका हाताने चाक फिरवता येईल.

त्या काळात दर शुक्रवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये वंदना व्हायची. आमची बौद्ध मंडळी पांढरे कपडे घालून सतरंजीवर बसायची : वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन, माझ्यासारखे एकदोन ऑफिसवाले. त्रिशरण, पंचशील, मग पोहे, मग चहा. त्या वर्षी चहा झाला की सगळे पांढरे कपडे बदलायचे आणि खाली गल्लीत गाडीकडे जायचे. बायका वरून खिडकीतून ओरडायच्या, “अहो, त्या गाडीवर जेवढी मेहनत घेता तेवढी घरच्या नळावर घ्या की!” खालून उत्तर यायचं, “नळाचं ड्रॉइंग कुठंय?”

गाडी झाली. वाहतूक खात्याने तपासली, भाऊची परीक्षा घेतली, आणि त्याला ही एकच गाडी चालवायचं लायसन दिलं. त्या दिवसापासून मी त्याच्या शेजारी बसून ऑफिसला जायला लागले. वाटेत सनाबिसला कारखान्यातले आणखी दोघे चढायचे. मी गाडीत दिवसभराच्या कामांची यादी करायचे. तो चालवायचा. एवढंच. चालवणाऱ्याकडे कोण बघतं?

पुढे त्याला रियाधच्या एका कंपनीत हेड ड्राफ्ट्समनची जागा मिळाली. तो विमानाने गेला. तिकडच्या रहिवासी कार्डासाठी पासपोर्ट कंपनीत जमा झाला, म्हणजे कार्ड हातात येईपर्यंत त्याला सौदीबाहेर पाऊल टाकता येईना. गाडी इकडे गुदैबियात, तो तिकडे. राहायची जागा ऑफिसपासून लांब. एक मल्याळी सहकारी त्याला नेत-आणत होता, पण तोही लांबच्या सुट्टीवर निघाला. टॅक्सीवाले कुबड्या बघून पुढे निघून जायचे. आणि जाण्यायेण्याची सोय तुमची तुम्ही करायची, हे कंपनीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

त्याचा फोन आला तेव्हा तो हसला नाही.

“ताई, शनिवारी सकाळी गाडी दारात नसली तर मी इथं राहत नाही. परत येतो. नाहीतर गावाला जातो. पण आता कोणाच्या काखेतून चढायचं नाही मला.”

मी म्हणाले, “शनिवारी गाडी दारात असेल.” फोन ठेवला आणि कागद घेतला.

पहिला प्रश्न : चालवत कोण नेणार? ज्या गाडीला पेडल नाही ती त्याच्याशिवाय कोणाला चालवता येणार? वसईकरांकडे कंपनीच्या कामासाठी वर्षभराचा सौदी व्हिसा होता. ते म्हणाले, “वैनी, रियाधला मी कधीपण जाईन. पण ह्या गाडीत बसून नाय. मला पाय आहेत आणि त्यांना काम लागतं.”

उत्तर : ट्रेलर.

सलमाबादच्या गॅरेजांमध्ये तेव्हा ट्रेलर भाड्याने मिळायचे. मी आणि मिस्टर दुपारची सुट्टी टाकून गेलो. पहिल्याच्या टायरना चिरा होत्या. दुसरा बोटीसाठी बनवलेला, मधोमध खोलगट. झल्लाकच्या किनाऱ्यावर नेतात तसला. तिसरा बरोबर होता : चार चाकं, सपाट, पुढे आडवी पट्टी, मागे चढउतारासाठी दोन लोखंडी फळ्या, आणि गाडी बांधायला खटक्याचे पट्टे. मालक म्हातारा बहरीनी होता, खुर्चीत बसून खजूर खात होता.

“कितना दूर?” त्याने विचारलं.

“रियाध.”

“रियाध!” त्याने खजुराची बी बाजूला ठेवली. “टायर देखा?”

“देखा.”

“बत्ती देखा?”

“देखा.”

“गोला देखा?”

गोळा म्हणजे पिकअपच्या मागे बसवलेला लोखंडी गोळा. ट्रेलरची वाटी त्यावर बसते. तो मी बघितला नव्हता. वसईकरांची पिकअप अमेरिकन, ट्रेलर युरोपातला. वाटी बसल्यासारखी दिसायची, पण हलवली की आत कुठेतरी टकटक वाजायची. मिस्टर वाकून बघत म्हणाले, “हे कॉजवेवर निसटलं ना, तर भाऊची गाडी रियाधला नाही, समुद्रात जाते.” कॉजवे म्हणजे बहरीन आणि सौदीला जोडणारा समुद्रावरचा लांब पूल. आम्ही बरोबर मापाचा गोळा शोधून आणला. तो बसवल्यावर मालकाने ट्रेलरवर उभं राहून दोन उड्या मारल्या आणि म्हणाला, “खलास. इंशाल्ला, रियाध.”

बुधवारी संध्याकाळी शुक्रवारची सगळी मंडळी गल्लीत जमली. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून सात-आठ जणांनी ढकलत ती फळ्यांवरून ट्रेलरवर चढवली. मग पट्टे बांधायचे होते, आणि तिथे आमच्या लोकांचा स्वभाव आडवा आला. फिटरने पट्टे आवळले. वेल्डरला ते पटले नाहीत, त्याने वरून साखळी टाकली. इलेक्ट्रिशियनने दोघांकडे बघून मान हलवली आणि आपला दोर काढला. एकाने बांधलेलं दुसऱ्याने सोडायचं नाही, त्याच्यावर आपलं बांधायचं! शेवटी गाडी एखाद्या रोग्यासारखी दिसायला लागली.

सिस्टर म्हणाली, “प्लास्टर घालायचं राहिलं. आणू का हॉस्पिटलातून?”

त्यानंतर माझ्या यादीतलं शेवटचं काम. गाडीच्या पुढच्या काचेखाली, उजव्या बाजूला, बुद्धाची बोटभर उंचीची पितळी मूर्ती चिकटवलेली होती. आरशाला निळी फीत होती. तिकडे मूर्ती नेता येत नाही, हे आम्हां सगळ्यांना माहीत होतं. फीत सहज सुटली. मूर्ती हलेना. कारखान्यात पंपांना लावतात तो गोंद भाऊने लावला होता. मिस्टरांनी पातळ पात्याने हळूहळू खरवडून ती काढली. खाली रुपयाएवढा पिवळट गोल डाग राहिला. मूर्ती मी पर्समध्ये ठेवली. मग गाडीला हात लावून सगळ्यांनी हळू आवाजात त्रिशरण म्हटलं, आणि जो तो आपापल्या घरी गेला.

गुरुवारी सकाळी निघालो. पिकअपमध्ये वसईकर आणि मिस्टर, मागे ट्रेलर, ट्रेलरवर गाडी. त्यांच्या मागे आमची छोटी गाडी मी चालवत होते, शेजारी सिस्टर. आम्ही कॉजवेच्या मधल्या बेटापर्यंत, जिथे दोन्ही देशांच्या चौक्या आहेत, सोडायला जाणार, तिथून वसईकर एकटेच पुढे, आणि मिस्टर आमच्याबरोबर परत. असं ठरलं होतं.

कॉजवेवर मी आधी अनेकदा गेले होते. शुक्रवारी लोक हवा खायला जातात तशी. पण त्या सकाळी पहिल्यांदा तो मला केवढा आहे ते दिसलं. शहर मागे पडलं, आणि पुलाशिवाय काही उरलंच नाही. दोन्ही बाजूंना पाणी : जवळ उथळ, हिरवट, तळाची वाळू दिसणारं; लांब निळं; आणखी लांब नुसता उजेड. माझ्यापुढे ती पांढरी गाडी चालली होती, हवेत हातभर वर, आत कोणी नाही. वारा बाजूने आला की ट्रेलर किंचित हलायचा, आणि गाडीचं स्टिअरिंग आपोआप थोडं इकडे, थोडं तिकडे फिरायचं. मागच्या काचेतून लाकडी मूठ दिसत होती. कोणीतरी ती धरून बसल्यासारखी वाटायची.

सिस्टर नेहमी बडबडते. त्या दिवशी ती काच खाली करून नुसती पाण्याकडे बघत होती. मग म्हणाली, “समुद्रावर एवढे खांब कोणी टाकले असतील गं?”

“आपल्यासारख्यांनीच. कामावर आलेल्यांनी.”

“आणि टाकून गेले घरी?”

“गेले असतील.”

  पुढे पुलाला चढ लागला. खालून जहाजं जावीत म्हणून तो तिथे उंच आहे. गाडी आमच्यापुढे आभाळात चढत गेली, आणि वर पोचल्यावर क्षणभर तिच्या चौफेर नुसतं आभाळच होतं. माझ्या कागदावर त्या दिवसाची बरीच कामं लिहिलेली होती. हे बघणं त्यात नव्हतं.

बेटावर बहरीनच्या बाजूच्या जकातीपाशी रांग लागली. एक अधिकारी आमच्याकडे आला; मध्यम वयाचा, स्वच्छ इस्त्रीच्या गणवेशातला, चेहऱ्यावर काही नाही. मी कागद दिले : गाडी देशाबाहेर न्यायची परवानगी, भाऊचं अधिकारपत्र, वसईकरांचा व्हिसा. त्याने सगळे वाचले. मग ट्रेलरवर पाय ठेवून गाडीत डोकावला, आणि बराच वेळ खाली बघत राहिला.

“पेडल किधर है?”

मिस्टर म्हणाले, “नहीं है. हाथ से चलती है.”

“पेपर में लिखा है चालू गाडी. ये चालू गाडी नहीं है. ये कबाडा है.” त्याचं बोलणं चढलेलं नव्हतं. तो समजावत होता. “कबाडा अलग लाइन. एजंट लाओ, अलग पेपर लाओ. शनिवार के बाद.”

शनिवार के बाद! ऐकलं आणि मला फोनवरचं ते न हसलेलं बोलणं आठवलं.

मी म्हणाले, “साहब, चालू है. चला के दिखाएँ तो?”

त्याने आम्हां चौघांकडे एकेक करून बघितलं. “नीचे उतारो. शेड तक चलाओ, घुमाओ, वापस लाओ. मैं देखता.” आणि हात मागे बांधून उभा राहिला.

आधी गाडी सोडायची होती. फिटरचे पट्टे, त्यावर वेल्डरची साखळी, त्यावर इलेक्ट्रिशियनच्या गाठी. आपल्या माणसांनी प्रेमाने बांधलेलं सोडणं काय असतं ते तेव्हा कळलं. मिस्टर दातांनी गाठ ओढत म्हणाले, “ह्या इलेक्ट्रिशियनले सांग, शुक्रवारी त्याचे पोहे बंद.”

वसईकर म्हणाले, “पट्टे राहू दे. आधी बसून बघतो.” ते भाऊच्या जागी बसले. पाय कुठे ठेवावे ते त्यांना कळेना. इंजिन सुरू केलं, गिअर टाकला, दांडा धरला. गाडी किंचित सरकली. सरकल्यावर दचकून माणूस काय करतो? हातात असेल ते अंगाशी ओढतो. त्यांनी दांडा ओढला. इंजिन किंचाळलं, गाडी उसळून पट्ट्यांना लटकली, सगळा ट्रेलर हलला.

“जीझस!” वसईकर इंजिन बंद करून बाहेर आले.

सिस्टर कमरेवर हात ठेवून उभी होती. “मेलास आता! इतकी वर्षं मला सांगतोस, मी काय पण चालवीन. चालव आता!”

“अगो, भ्यालं की माणूस ब्रेक दाबतो. इथं भ्यालं की पेट्रोल मिळतं!”

मग मिस्टर बसले. ते सावध माणूस. पण एका हाताने मूठ धरून चाक फिरवायचं आणि दुसऱ्या हाताने दांडा सांभाळायचा, यात त्यांचे दोन्ही हात एकाच वेळी एकच काम करायचे. चाक डावीकडे वळवलं की दांडाही मागे यायचा. “जमून नाही राहिलं,” ते म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि हवा थंड होती.

मी बाहेर उभी राहून गाडीच्या आत बघत होते. दांड्याच्या टोकाला काळा रंग होता, पण एका ठिकाणी तो पार उडून लोखंड चांदीसारखं चकाकत होतं. भाऊच्या तळहाताची जागा. चार वर्षं मी त्याच्या शेजारी बसले होते, माझ्या डाव्या कोपरापासून वितीवर तो हात. यादी करताना डोळ्यांच्या कोपऱ्यातून जे दिसत राहतं ते कुठेतरी राहिलेलं असतं. मला तो हात दिसायला लागला. तो दांडा कधी घट्ट धरायचाच नाही. बोटं उघडी. तळव्याने पुढे ढकलून ठेवलेला, आणि ढकलणं थोडं कमी केलं की गाडी आपोआप निघायची. ओढायचा तो क्वचित, दोन बोटांनी.

मी दार उघडून माझ्या नेहमीच्या जागी, शेजारच्या सीटवर बसले.

“तुम्ही चाक घ्या. दोन्ही हातांनी. दांडा माझ्याकडे.”

मिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. “एक गाडी दोघांनी चालवायची?”

“एवढी वर्षं घर चालवतोच की.”

“त्यात ब्रेक तुझ्याचकडे असतो.”

“मग इथेही असू दे.”

वसईकर मागे उभे राहून हाका द्यायला, सिस्टर फळ्यांपाशी. पट्टे सोडले. मी तळवा दांड्यावर ठेवला. ती चकचकीत जागा माझ्या हाताला बसत नव्हती. भाऊचा हात रुंद, माझा लहान. पुढे ढकलून धरला. मिस्टरांनी गिअर मागे टाकला. मी ढकलणं थोडं कमी केलं. गाडी मागे सरकली आणि मला ओढावंसं वाटलं. हाताला, मानेला, सगळ्या अंगाला ओढावंसं वाटलं. मी बोटं उघडी केली.

“डावीकडे... डावीकडे... अरे बाबा, माझ्या डावीकडे!” वसईकर ओरडत होते. सिस्टर ओरडली, “तुझी डावी त्यांना कशी दिसणार? सरळ म्हण!” मागची चाकं फळ्यांवर आली तशी गाडीचं नाक वर उचललं गेलं, आणि काचेतून मला पूल दिसेना, फक्त आभाळ आणि त्यातला उजेड दिसला. ढकल, सोड, ढकल, सोड. फळ्या कण्हल्या. मग चारही चाकं खाली आली.

आम्ही शेडपर्यंत गेलो. रांगेतले ट्रकवाले खिडक्यांतून बाहेर वाकून बघत होते. शेडच्या कोपऱ्यावर वळताना मिस्टर म्हणाले “हळू”, आणि ते म्हणेपर्यंत मी दांडा दाबलेला होता. पुढच्या वळणाला मी दाबला आणि मग ते वळले. सरळ रस्त्यावर मी दोन बोटांनी, भाऊसारखा, ओढून बघितला. गाडी हलकेच धावली. दोन माणसं, चार हात, सगळं लक्ष त्यात. आणि आम्ही एका शेडला एक फेरी मारत होतो. हेच तो एकटा रोज करायचा. गुदैबियाच्या त्या गल्ल्यांमधून, समोरून पाण्याचा टँकर येत असताना, सनाबिसच्या चौकात हॉर्न वाजत असताना, मागे बसलेल्यांच्या विनोदांना उत्तरं देत. आणि मी शेजारी बसून बोल्टांचे नग लिहीत होते.  मिस्टर पुटपुटले, “बावा! हा पोट्टा माणूस आहे का काय आहे?”

परत आलो. अधिकाऱ्याने हात मागून सोडले. “कौन चलाता है ये?”

मी म्हणाले, “हमारा भाई. पाँव नहीं चलते उसके. रियाध में है, राह देख रहा है.”

“अकेला चलाता है?”

“अकेला.”

तो गाडीत बसला. टोपी काढून शेजारच्या सीटवर ठेवली. बूट घातलेले पाय त्याने मुद्दाम मागे ओढून घेतले, आणि एक हात मुठीवर, एक दांड्यावर ठेवून बसून राहिला. इंजिन बंद होतं. त्याने दांडा ढकलला, सोडला. चाक थोडं फिरवलं. पुन्हा ढकलला. आमच्याकडे बघत नव्हता. समोर बघत होता, जिथून पूल सौदीकडे जातो तिकडे.

“माशाल्ला,” तो अगदी हळू म्हणाला. उतरला, टोपी घातली, कागदांवर शिक्के मारले आणि ते माझ्या हातात न देता गाडीच्या पुढच्या सीटवर नीट ठेवले, मालकाला द्यावेत तसे. मग वसईकरांना म्हणाला, “यल्ला, जल्दी. राह देखता है वो.”

गाडी पुन्हा वर चढवायची होती, आणि ते उतरवण्यापेक्षा अवघड. चढायला पेट्रोल हवं, म्हणजे ओढायला हवं, आणि वर पोचताक्षणी ढकलायला हवं. मिस्टरांना आतून फळ्या दिसेनात. पहिल्यांदा चाक फळीच्या कडेवर गेलं, परत घेतलं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, “थांब. तो गोंदाचा डाग बघ. तो उजव्या फळीवर आला की चाक बरोबर चढते.” आम्ही डाग फळीच्या रेषेत आणला. मी ओढला. गाडी चढली. मी दोन्ही हातांनी ढकलला. पुढच्या आडव्या पट्टीपाशी गाडी थांबली. ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवले, सगळ्यांनी, एकदम. बेटावर तो आवाज खूप मोठा झाला.

या वेळी पट्टे एकाच माणसाने बांधले, वसईकरांनी. सिस्टरने त्यांच्या हातात डबा दिला. “खाऊन घे. आणि भ्यालास तर काय ओढू नकोस.”

“तू नसलीस की मी भीत नाय,” वसईकर म्हणाले, आणि निघाले.

आम्ही तिघं बेटाच्या कठड्याशी उभे राहिलो. सौदीची बाजू पार करून पिकअप बाहेर पडायला वेळ लागला. मग पुलाच्या पलीकडच्या अर्ध्या भागावर ती दिसली, आणि मागे पांढरा ठिपका. आम्हाला त्या बाजूला जाता येत नव्हतं. ठिपका बारीक होत गेला, पण हलत राहिला. समुद्राच्या मधोमध उभं राहून मी त्याच्याकडे बघत होते आणि माझ्या तळहाताला अजून लोखंडाचा थंडपणा होता.  शेवटी पूल आणि पाणी एक झालं.

शनिवारी सकाळी मी ऑफिसला निघत होते तेव्हा फोन वाजला.

“ताई, मी ऑफिसातून बोलतो आहे.”

“पोचलास?”

“माझा मी पोचलो.” आता तो हसला, आणि ते हसणं खरं होतं. वसईकरांनी त्याला बेटावरचं सगळं सांगितलं होतं. “दोघांनी चालवली म्हणे? मिस्टरांना विचारा, पगार कोणाला देऊ?” मग म्हणाला, “ताई, मूर्ती कुठे आहे?”

“माझ्याकडे. नीट ठेवली आहे.”

“ती नुसती ठेवलेली नव्हती. मला सीटवरून अंग उचलून पुढे वाकता येत नाही, उजवं चाक कुठे आहे ते दिसत नाही. म्हणून पहिल्या दिवशी चाकाच्या रेषेत ती बसवली. तिच्यावरून रस्त्याची कड धरतो. सकाळपासून दोनदा फुटपाथला लागलो.”

मी त्याला डागाचं सांगितलं. तो म्हणाला, “मग कळलंच तुम्हाला. सध्या डागावर शाईचा ठिपका काढतो. मूर्ती कोणाबरोबर पाठवू नका, त्यांना त्रास होईल. कार्ड झालं की मीच गाडी घेऊन येतो. तुमच्या दारात मूर्ती परत चिकटवू, आणि बहरीनच्या बाजूला असेन तोवर ती समोर असेल.”

ट्रेलर परत केला. टायर, बत्ती, गोळा, फळ्या, पट्टे, मालकाने सगळं मोजून घेतलं आणि विचारलं, “रियाध?” मी म्हणाले, “रियाध.” त्याने मला एक खजूर दिला.

भाऊचं कार्ड केव्हाच झालं. तो अजून रियाधला आहे, तीच गाडी चालवतो. दर ईदच्या सुट्टीआधी त्याचा फोन येतो, ताई, या वेळी नक्की, आणि दर वेळी ऑफिसात काहीतरी काम निघतं. मूर्ती आमच्या स्वयंपाकघरात काचेच्या कपाटात आहे. शुक्रवारी वंदनेला बाहेर काढते, मग परत ठेवते. शेजारी त्याच पंपाच्या गोंदाची नळी आहे. जुनी नळी आतल्या आत सुकून गेली, म्हणून गेल्या महिन्यात नवी मागवली. मूर्ती लावायची बाकी आहे.